संदर्भाची शिस्त : ज्ञानकोशातील एका क्रीडाचरित्राचा धडा

वडगाव हे मावळ तालुक्याचे मुख्य ठाणे. जमिनीच्या कामासाठी तालुक्यातील शेतकऱ्यांची येथे नेहमीच ये-जा असते. सातबाऱ्याचा उतारा हाती पडला की जाणता शेतकरी प्रथम आपले नाव पाहतो आणि लगेच नावाजवळचा फेरफार क्रमांक पाहतो. नाव कोणत्या आधारे लागले, हे तो क्रमांक सांगतो. गाव नमुना सहा, म्हणजे फेरफारांची नोंदवही उघडली की नाव वारसाने लागले, खरेदीने लागले की वाटपाने, याचा उलगडा होतो. क्रमांक चुकीचा पडला असेल, तर नोंद खरी असूनही ती सिद्ध करण्यासाठी शेतकऱ्यास हेलपाटे घालावे लागतात.

ज्ञानकोशातील लेखात वाक्याच्या शेवटी जो लहानसा आकडा असतो, तो असाच फेरफार क्रमांक होय. त्या आकड्यामागे पुस्तक, वृत्तपत्र, प्रतिवेदन किंवा संकेतस्थळ यांपैकी काहीतरी उभे असते, निदान उभे असावे अशी अपेक्षा असते. आज शाळकरी विद्यार्थ्यापासून स्पर्धा परीक्षेच्या उमेदवारापर्यंत अनेकांची पहिली माहिती महाजालावरील मुक्त ज्ञानकोशातून येते. म्हणून त्यातील संदर्भ तपासणे आणि त्यांची मांडणी दुरुस्त करणे हे काम केवळ हौशी मंडळींचे राहिलेले नाही. हे काम कसे करावे, याचा विचार एका क्रीडाचरित्राच्या आधारे या लेखात करावयाचा आहे.

दोन प्रकारचे ज्ञानकोश

मराठीला ज्ञानकोशांची थोर परंपरा आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे प्रचंड काम विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तडीस नेले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली वाई येथून मराठी विश्वकोशाचे काम चालले आणि त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. विश्वकोशातील नोंदीच्या अखेरीस संदर्भग्रंथ दिलेले असतात आणि त्याखाली नोंद लिहिणाऱ्याचे नाव असते. त्या नावामागे लेखकाचा व्यासंग असतो आणि संपादक मंडळाची जबाबदारीही असते. वाचक त्या नावावर विश्वास ठेवतो.

विकिपीडिया हा मुक्त ज्ञानकोश निराळ्या पायावर उभा आहे. तो १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजीत सुरू झाला; मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी झाला. येथे कोणीही लिहू शकतो आणि कोणीही दुसऱ्याचे लिखाण सुधारू शकतो. केलेला प्रत्येक बदल लेखाच्या इतिहासात नोंदला जातो, ही मोठी सोय आहे. परंतु लेखाखाली कोणा विद्वानाची सही नसते. अशा लेखात संदर्भ हीच सही होय. ज्ञानकोशाचा नियमही असाच आहे : लिहिणाऱ्यास काय ठाऊक आहे याला महत्त्व नाही, वाचकास ते पडताळून पाहता येईल की नाही, याला महत्त्व आहे.

उदाहरणासाठी निवडलेले चरित्र

खाशाबा दादासाहेब जाधव यांचे चरित्र या अभ्यासासाठी घेऊ. त्यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वर या गावी झाला. विकिपीडियाचा आरंभ आणि खाशाबांची जयंती एकाच तारखेस यावी, हा एक योगायोगच. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांनी फ्लायवेट गटात सहावे स्थान मिळविले. १९५२ मध्ये हेलसिंकी येथे फ्री स्टाइल कुस्तीच्या बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक जिंकले. त्या गटात जपानचे शोहाची इशी यांना सुवर्ण व सोव्हिएत संघाचे रशीद मामेदबेकोव्ह यांना रौप्यपदक मिळाले. पुढे १९५५ मध्ये खाशाबा पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून दाखल झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. वैयक्तिक क्रीडाप्रकारात भारताला पुढचे ऑलिंपिक पदक मिळण्यास १९९६ साल उजाडावे लागले. ते लिएंडर पेस यांनी टेनिसमध्ये मिळविले.

अर्जुन पुरस्कार १९६१ मध्ये सुरू झाले. खाशाबा त्यानंतर तेवीस वर्षे हयात होते. तथापि तो सन्मान त्यांना मरणोत्तरच लाभला. २०१० मध्ये नवी दिल्लीतील इंदिरा गांधी क्रीडा संकुलातील कुस्तीच्या सभागृहास त्यांचे नाव देण्यात आले आणि पुढे महाराष्ट्र शासनाने त्यांची जयंती राज्य क्रीडा दिन म्हणून साजरी करण्याचे ठरविले. ज्या खेळाडूच्या कर्तृत्वाची दखल घेण्यास इतका विलंब झाला, त्याच्याविषयीची नोंद तरी चोख असावी, असे कोणाही मराठी माणसास वाटेल. मात्र नोंद चोख राखण्यास अभिमान पुरेसा नाही. त्यासाठी शिस्त हवी.

विधान तसा आधार

संदर्भ तपासणाऱ्याने प्रथम लेखातील विधाने वेगळी करावीत. खाशाबांच्या चरित्रात निदान चार प्रकारची विधाने येतात.

पहिला प्रकार निकालांचा. गट, स्थान, प्रतिस्पर्धी आणि तारीख या गोष्टींसाठी स्पर्धेचे अधिकृत प्रतिवेदन हा सर्वांत भक्कम आधार. हेलसिंकीच्या संयोजन समितीचे, सुलो कोल्का यांनी संपादित केलेले प्रतिवेदन १९५५ मध्ये प्रसिद्ध झाले असून ते आज महाजालावर वाचावयास मिळते.

दुसरा प्रकार हकीकतींचा. हेलसिंकीस जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले, ही हकीकत महाराष्ट्रात सर्वतोमुखी आहे. शेवटच्या लढतींमध्ये त्यांना पुरेशी विश्रांती मिळाली नाही, असेही सांगितले जाते. निकालाच्या तक्त्यावरून यांपैकी काहीही सिद्ध होत नाही. त्यासाठी चरित्रग्रंथ, मुलाखत किंवा समकालीन वृत्तपत्र पाहिजे आणि त्यातील पृष्ठही पाहिजे. हकीकत खरी आहे म्हणून कोणताही संदर्भ चालेल, असे होत नाही.

तिसरा प्रकार आकड्यांचा. विजयी खाशाबांची कराडला मिरवणूक निघाली, तीत बैलगाड्या किती होत्या? कोठे शंभराहून अधिक असे लिहिलेले आढळते, तर कोठे नेमका १५१ हा आकडा दिसतो. येथे आपल्याला आवडलेला आकडा ठेवून दुसरा खोडणे योग्य नव्हे. कोणता आकडा कोणत्या साधनात आला आहे, हे प्रत्येकाच्या संदर्भासह सांगावे. घटनेच्या काळाला अधिक जवळचे साधन असेल, त्यास अधिक वजन द्यावे.

चौथा प्रकार मानाच्या विधानांचा. ‘भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक’ असे आपण सहज लिहून जातो. परंतु १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कलकत्ता येथे जन्मलेल्या नॉर्मन प्रिचर्ड यांनी दोन रौप्यपदके मिळविली होती आणि आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या नोंदीत ती भारताच्या नावे आहेत. म्हणून ‘स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक’ असेच लिहावयास हवे. ‘स्वतंत्र’ या एका शब्दाने विधान निर्दोष होते आणि खाशाबांचा मान तिळभरही कमी होत नाही.

संदर्भाचे अवयव

पूर्ण संदर्भात पाच गोष्टी असाव्या लागतात : कोणी लिहिले, काय लिहिले, कोठे प्रसिद्ध झाले, केव्हा प्रसिद्ध झाले आणि त्यातील नेमकी जागा कोणती. ग्रंथाच्या बाबतीत लेखक, ग्रंथनाम, प्रकाशक व ठिकाण, वर्ष आणि पृष्ठ हे पाच अवयव होत. वृत्तपत्राच्या बाबतीत वार्ताहराचे नाव दिले असल्यास ते नाव, बातमीचा मथळा, दैनिकाचे नाव व आवृत्ती, तारीख आणि पृष्ठ. संकेतस्थळाच्या बाबतीत पृष्ठ नसते. त्याऐवजी दुवा आणि तो कोणत्या दिवशी पाहिला ती तारीख द्यावी लागते, कारण संकेतस्थळावरील मजकूर बदलू शकतो.

ज्ञानकोशात हे सर्व भरण्यासाठी ‘साचे’ असतात. साचा म्हणजे छापील अर्जासारखा रकान्यांचा नमुना. ग्रंथासाठी एक, बातमीसाठी दुसरा, संकेतस्थळासाठी तिसरा. रकाने भरले की संदर्भ लेखाच्या तळाशी, संदर्भयादीत, एकसारख्या स्वरूपात उमटतो.

साच्याचा खरा उपयोग देखणेपणात नाही. साचा भरताना तपासणाऱ्याला मूळ साधन उघडावेच लागते. पृष्ठाचा रकाना रिकामा दिसला की पृष्ठ शोधावे लागते. पृष्ठ शोधताना कळते की त्या पृष्ठावर तसे काही लिहिलेलेच नाही! नीटनेटक्या मांडणीने खोटे विधान खरे होत नाही, हे खरेच. परंतु मांडणीचा आग्रह धरला की खोटे विधान फार काळ लपून राहत नाही. कार्यालयातील नस्तीचा अनुभव असणाऱ्यांना हे वेगळे सांगावयास नको. टिपणीत ‘पताका अ पाहावी’ असे लिहावे लागले की ती पताका लावण्यापुरता तरी मूळ कागद हाती घ्यावाच लागतो.

नेहमीचे दोष आणि त्यांवरील उपाय

उघडा दुवा : पुष्कळदा संदर्भ म्हणून केवळ संकेतस्थळाचा लांबलचक पत्ता चिकटविलेला असतो. पत्ता बदलला की संदर्भ संपला. दुव्यावर जाऊन मथळा, लेखक, प्रकाशन व तारीख टिपून घ्यावी आणि साच्यात भरावी. पुढे दुवा बंद पडला तरी मथळा व तारखेवरून मूळ बातमी ग्रंथालयात सापडू शकते.

मृत दुवा : दुवा उघडत नाही म्हणून संदर्भ काढून टाकणे ही मोठी चूक. महाजालावरील जुन्या पानांच्या प्रती जतन करणारी इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था १९९६ पासून काम करीत आहे. तेथे जुनी प्रत मिळाल्यास तिचा दुवा व ती जतन झाल्याची तारीख मूळ दुव्याच्या जोडीला द्यावी.

एकच संदर्भ अनेकदा : एकाच चरित्रग्रंथाचा आधार दहा ठिकाणी घेतला असेल, तर यादीत तो ग्रंथ दहा वेळा उमटतो आणि दहा साधने वापरल्याचा आभास होतो. संदर्भास एक नाव द्यावे आणि त्या नावाने तो पुन्हा पुन्हा वापरावा. पृष्ठे मात्र त्या त्या ठिकाणी निरनिराळी द्यावीत.

तारखांचा घोळ : केवळ अंकांत लिहिलेली ‘८/९’ ही तारीख ८ सप्टेंबर की ९ ऑगस्ट? आपल्याकडे दिवस आधी लिहितात, तर अमेरिकेत महिना आधी लिहितात. महिन्याचे नाव अक्षरांत लिहावे आणि संपूर्ण लेखात एकच पद्धत ठेवावी. तसेच घटनेची तारीख आणि बातमीची तारीख यांत गल्लत करू नये. २३ जुलै १९५२ रोजी हेलसिंकीत घडलेली गोष्ट त्याच दिवशी सकाळी पुण्याच्या वृत्तपत्रात छापून येणे शक्य नव्हते.

पुरस्काराचे वर्ष : खाशाबांच्या अर्जुन पुरस्काराचे वर्ष कोठे २००० तर कोठे २००१ असे आढळते. पुरस्कार ज्या वर्षासाठी दिला जातो ते वर्ष आणि समारंभाचे वर्ष पुष्कळदा वेगळे असते. १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये जलतरणात सुवर्णपदक मिळविणारे मुरलीकांत पेटकर यांचा २०२४ चा अर्जुन पुरस्कार जानेवारी २०२५ मध्ये प्रदान झाला. अशा वेळी दोन्ही वर्षे स्पष्ट लिहावीत, म्हणजे वाद उरत नाही.

नावांची मोडतोड : ‘के. डी. जाधव’, ‘खाशाबा जाधव’ आणि ‘जाधव, खाशाबा दादासाहेब’ ही एकाच व्यक्तीची नावे. लेखात एक रूप निश्चित करावे. परंतु बातमीच्या मथळ्यात जे रूप छापले असेल, ते तसेच राहू द्यावे. इंग्रजी ग्रंथाचे नाव मूळ लिपीत देऊन त्यापुढे मराठी अर्थ द्यावा.

मावळातील एक उदाहरण

मथळा जसा छापला तसाच ठेवावा, हा नियम का महत्त्वाचा, ते मावळ तालुक्यातच दिसते. तालुक्यातील गहुंजे येथे महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचे क्रीडागार आहे. २०१२ मध्ये तेथे मोठे सामने सुरू झाले, तेव्हा काही काळ ते ‘सुब्रत रॉय सहारा स्टेडियम’ या नावाने ओळखले जाई. पुढे ते नाव मागे पडले. परिणामी क्रिकेटपटूंच्या चरित्रांत एकाच मैदानाचा उल्लेख कोठे जुन्या नावाने, कोठे असोसिएशनच्या नावाने, कोठे ‘पुणे’ असा तर कोठे ‘गहुंजे’ असा येतो. विराट कोहली यांनी ऑक्टोबर २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध केलेल्या नाबाद २५४ धावा याच मैदानावरच्या. तथापि धावफलकावर ठिकाण म्हणून पुणेच दिसते.

लेखाच्या मजकुरात ‘गहुंजे (ता. मावळ, जि. पुणे)’ असे स्पष्ट लिहिण्यास हरकत नाही. परंतु २०१२ च्या बातमीच्या मथळ्यात जुने नाव असेल, तर संदर्भात ते बदलू नये. बदलल्यास त्या मथळ्याने शोध घेणाऱ्यास ती बातमी कधीच सापडणार नाही.

फिरून येणारी चूक

एक अनुभव येथे सांगणे उपयुक्त ठरेल. काही वर्षांपूर्वी एका क्रीडा कार्यक्रमाचे प्रसिद्धिपत्रक तयार करताना प्रस्तुत लेखकाने एका खेळाडूच्या पुरस्काराचे वर्ष महाजालावरील ज्ञानकोशातून उतरवून घेतले. तेथे त्या वर्षास संदर्भ नव्हता. पण वेळ थोडा होता. दुसऱ्या दिवशी एका वृत्तपत्रात ते वर्ष छापून आले. काही महिन्यांनी त्या खेळाडूच्या कुटुंबीयांनी वर्ष चुकीचे असल्याचे कळविले, म्हणून ज्ञानकोशातील लेख पुन्हा उघडला. पाहतो तो त्याच चुकीच्या वर्षापुढे आता संदर्भ लागलेला होता आणि तो संदर्भ त्याच बातमीचा होता! ज्ञानकोशातील चूक आमच्या पत्रकात, पत्रकातून वृत्तपत्रात आणि वृत्तपत्रातून पुन्हा ज्ञानकोशात, असा तिचा प्रवास झाला होता. फरक इतकाच की आता ती सप्रमाण दिसत होती.

तो संदर्भ मांडणीच्या दृष्टीने निर्दोष होता. म्हणूनच तपासणी दोन अंगांनी करावी लागते. मांडणी पूर्ण आहे काय, हे एक. आणि साधनाला ही माहिती कोठून मिळाली, हे दुसरे. बातमी अलीकडची आणि घटना जुनी असेल, तेव्हा हा दुसरा प्रश्न अवश्य विचारावा. दुसऱ्या भाषेतील विकिपीडियाचा लेख हाही संदर्भ म्हणून चालत नाही. त्यातील मूळ साधन शोधून, स्वतः पाहून, तेच द्यावे.

कामाचा क्रम

हे काम हाती घेणाऱ्याने पुढील क्रम ठेवल्यास सोयीचे पडेल.

१) लेख एकदा संपूर्ण वाचावा. संदर्भ नसलेली महत्त्वाची विधाने टिपून घ्यावीत.

२) प्रत्येक दुवा उघडून पाहावा. चालू, मृत आणि विषयाशी संबंध नसलेला असे वर्गीकरण करावे.

३) साधन प्रत्यक्ष वाचून विधान त्यात आहे याची खात्री करावी. पृष्ठ लगेच लिहून ठेवावे.

४) योग्य साचा निवडून रकाने भरावेत. नवख्याने प्रथम ‘धूळपाटी’वर सराव करावा. जुन्या शाळेतील धूळपाटीप्रमाणेच येथे लिहिता येते आणि पुसताही येते.

५) एकसारखे संदर्भ एकत्र करावेत, तारखा व नावे यांची पद्धत एक करावी.

६) आधार मिळाला नाही, तर विधान तडकाफडकी खोडू नये. तेथे ‘संदर्भ हवा’ अशी खूण ठेवावी आणि चर्चा पानावर अडचण मांडावी. मात्र हयात व्यक्तीविषयी बदनामीकारक किंवा वादग्रस्त मजकूर निराधार असेल, तर तो तत्काळ काढावा. तेथे वाट पाहणे म्हणजे अन्याय होय.

७) जतन करण्यापूर्वी काय बदलले आणि का बदलले, हे एका ओळीत नोंदवावे. पुढे येणाऱ्या संपादकास ती ओळ दिव्यासारखी उपयोगी पडते.

एका बैठकीत सगळा लेख दुरुस्त करण्याचा अट्टाहास नको. रोज पाच संदर्भ नीट तपासले, तरी महिन्याभरात दीडशे होतात.

ग्रंथालयांचे साहाय्य

मराठी क्रीडाविषयक साहित्याचा फार मोठा भाग अद्याप कागदावरच आहे. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी बडोद्याहून संपादित केलेल्या दहा खंडांच्या व्यायाम ज्ञानकोशासारखे ग्रंथ, जुन्या दैनिकांच्या बांधीव संचिका, तालमींच्या स्मरणिका, शाळांची वार्षिके यांत गावोगावच्या खेळाडूंची नोंद आहे. महाजालावर नाही म्हणून ते साधन कमी प्रतीचे ठरत नाही. छापील ग्रंथाचा पृष्ठांकासह दिलेला संदर्भ पूर्णतः ग्राह्य असतो आणि कित्येकदा दुव्यापेक्षा टिकाऊ असतो. सार्वजनिक ग्रंथालयांच्या चालकांनी आणि महाविद्यालयांतील शिक्षकांनी विद्यार्थ्यांना या साधनांपर्यंत नेले, तर मराठीतील क्रीडाचरित्रे कितीतरी भक्कम होतील. लोहमार्गावरील वडगावच्या विद्यार्थ्यास तर पुण्यातील ग्रंथालये लोकलच्या अंतरावर आहेत.

जानेवारी १७७९ मध्ये वडगाव येथे इंग्रजांना मराठ्यांशी करार करावा लागला, हे मावळातील माणूस आजही अभिमानाने सांगतो. तो अभिमान टिकून आहे याचे एक कारण असे, की त्या घटनेची कागदपत्रे कोणीतरी जपली, वाचली आणि छापली. खाशाबांचे पदक मॅटवर जिंकले गेले, ते कोणी हिरावून घेऊ शकत नाही. पण त्या पदकाची हकीकत पुढच्या पिढीच्या हाती खरी पडावी की भेसळीची, हे आज संदर्भाचा रकाना भरणाऱ्या हातांवर अवलंबून आहे. तो रकाना रिकामा दिसला, तर तसाच सोडून पुढे जाऊ नये, एवढीच विनंती.